३ फुटी फिशटँक शोकेसवर ठेवलाय आणि शोकेसचं दार घासायला लागलंय

हळदबाजार (गुरुवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहतो. पोरगी गेलं वर्षभर मासे मासे करत होती, शेवटी आणला टँक. ३ फूट लांब, १५ इंच रुंद, १८ इंच उंच, काच ८ मि.मी. दुकानदाराला विचारलं, कशावर ठेवू? तो म्हणाला, कशावरही ठेवा हो, काय होत नाही.

हॉलमध्ये आमचं ६ फुटी शोकेस आहे. दोन्ही बाजूंना दारांची कपाटं, मधे टीव्हीसाठी उघडा भाग, वर सनमायका. टीव्ही भिंतीवर गेल्यापासून वरची जागा मोकळीच होती. मधोमध टँक ठेवला, रविवारी पाणी भरलं. मंडईपासून कुणीतरी बघायला येतंय इतका झकास दिसतो.

आज डाव्या कपाटाचं दार लागेना. वरच्या कोपऱ्यात घासतंय. बायको म्हणते पावसाळ्यात लाकूड फुगतंच, दरवर्षीचं आहे. मला आठवत नाही दरवर्षीचं.

दोन प्रश्न. फर्निचरला हे वजन झेपतं का? आणि स्लॅबला झेपतं का? खालच्या मजल्यावर घरमालक राहतात, त्यांच्या डोक्यावर मासे पडलेले मला परवडणार नाहीत.

गप्पीमासा (रात्री १०:०५)

आधी निम्मं पाणी काढा, मग चर्चा करू. थट्टा नाही करत. पाइप लावून बादल्यांत काढा, पाणी फेकू नका, तेच परत लागेल. मासे निम्म्या पाण्यात आरामात राहतात. फिल्टरचं तोंड आणि हीटर उघडे पडत असतील तर आधी बंद करा.

हळदबाजार (रात्री १०:५५)

काढलं. सहा बादल्या भरल्या. घरात आता पाय ठेवायला जागा नाही. दार अजून घासतंय, पण थोडं कमी.

रंधा_मिरज (रात्री ११:१०)

म्हणजे पाऊस नव्हे. पावसानं फुगलेलं दार बादल्या काढून सैल होत नसतं.

शोकेसचा मधला उघडा भाग किती रुंद आहे? टेप लावून सांगा, अंदाजे नको. दुसरं, वरच्या फळीच्या खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा आणि मधे फळी दोऱ्याला किती खाली ढकलते ते बघा. तिसरं, टीव्हीच्या वायरीसाठी मागे भोक पाडलेलं असेल, त्याच्या कडेला आत काय दिसतं? थर दिसले तर प्लाय. भुसा आला तर दाबलेल्या भुशाची फळी (पार्टिकल बोर्ड), मग बोलूच नका.

अजिंक्यतारा (शुक्रवार, सकाळी ७:२०)

सातारकर आहे, पोटापाण्यासाठी बांधकामात. स्लॅबचं मी सांगतो, फर्निचरचं मिरजकर बघतील.

आधी वजन. ३ × १.२५ × १.५ म्हणजे ५.६ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ १५९ लिटर. आपण वर दोनेक इंच सोडतो, तर १४० धरा. पाण्याचं सोपं आहे, लिटरला किलो. काच आपण सगळे विसरतो. ८ मि.मी. काचेचं वजन चौरस मीटरला २० किलो, तुमच्या टँकला साधारण दीड चौरस मीटर काच लागली असेल, म्हणजे ३० किलो. खडी किती घातलीय? २० किलो घातली असेल तर तिनं ७-८ लिटर पाणी बाजूला सारलं, तेवढं वजा. झाकण, फिल्टर, ते प्लास्टिकचं जहाज वगैरे धरून १९० किलो म्हणा.

आता स्लॅब. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार धरायला सांगितलाय, ढोबळ २०० किलो. तुमचा टँक बसतो जेमतेम ०.३५ चौरस मीटरवर. भागाकार केला की साडेपाचशे किलो येतात आणि लोक घाबरतात. पण तो २०० चा आकडा खोलीच्या सगळ्या जमिनीवर एकाच वेळी धरलेला असतो. १० बाय १२ च्या खोलीला दोन टनांच्या वर होतात. सत्यनारायणाला हॉलमध्ये पंचवीस माणसं बसतात तेव्हा कोण हिशेब करतं?

फरक एकच, माणसं प्रसाद घेऊन घरी जातात, टँक वर्षानुवर्षं तिथेच बसतो. म्हणून खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत ठेवा, खाली तुळई असेल अशा भिंतीलगत. खालच्या घरात जाऊन छताकडे बघितलं की बीम कुठं आहे ते कळतं. बाहेर लोंबत्या गॅलरीत नको. तिला आकडा जास्त धरतात हे खरं, पण ती एकाच बाजूनं धरलेली असते, आणि ऊन लागून शेवाळ धरेल ते वेगळंच. छताचे पोपडे निघालेत, सळई गंजून दिसतेय, असं काही असेल तर टँक सोडा, आधी तेच दुरुस्त करा.

३ फुटीला धडधाकट आरसीसी स्लॅबवर भिंतीलगत मी हरकत घेणार नाही. ५-६ फुटी घ्यायचा विचार आला तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा.

हळदबाजार (सकाळी ८:४०)

मोजलं. मधला उघडा भाग ४२ इंच. दोऱ्याला मधे ५ मि.मी. फरक, तोसुद्धा निम्मं पाणी काढल्यावर. भोकात बोट घातलं. भुसा आला.

हे शोकेस लग्नात सासऱ्यांनी दिलंय. हा धागा घरात कुणाला दाखवणार नाही.

रंधा_मिरज (सकाळी ९:१५)

४२ इंचाच्या पोकळीवर ३६ इंचाचा टँक. दोन्हीकडे तीन-तीन इंच मोकळे. म्हणजे टँकचा एकही कोपरा उभ्या फळीवर नाही, सगळा भार अधांतरी आडव्या फळीवर. ती वाकली की तिची टोकं उभ्या फळ्यांना वरून आत ओढतात, कपाटाची चौकट तिरकी होते आणि दार घासतं. दारानं तुम्हाला चार दिवस आधी निरोप दिला, त्याचे आभार माना.

फळी वाकायचं गणित सुतारालाही पाठ असतं, तोंडी का होईना. तेच वजन, टेकूंमधलं अंतर दुप्पट, तर झोळ आठपट. जाडीचं उलटं, १२ मि.मी. ऐवजी १८ ची घेतली तर झोळ एक तृतीयांशाहूनही कमी. म्हणून मधे एक उभा टेकू दिला तर जे होतं ते दोन जादा स्क्रूनी कधी होत नाही.

आणि भुशाच्या फळीत आज ५ आहे म्हणून उद्याही ५ राहील असं नाही. ती भाराखाली सावकाश, महिनोन्महिने वाकत जाते. पाणी सांडून कड भिजली तर पुरीसारखी फुगते.

लोकांच्या घरी मी जे मोडलेलं बघतो त्यात लाकूड मोडलेलं क्वचित. मोडतो जोड. आडवी फळी उभ्या फळीच्या डोक्यावर बसलेली पाहिजे, तिच्या कुशीला स्क्रूनं लटकलेली नको. वजन डोक्यावरून पायात, पायातून जमिनीत गेलं पाहिजे. मधे कुठंही ते स्क्रूच्या दांडीवर आलं की दिवस मोजा.

गणपतीपेठ (सकाळी ११:३०)

भुशाच्या फळीचं आम्हाला सांगू नका. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५. तळमजल्याला आम्ही. आठवड्यानं घर उघडलं तेव्हा तयार घेतलेल्या टेबलाची लापशी झाली होती, फावड्यानं उचलली. प्लायचं कपाट मात्र उभं होतं. धुतलं, वाळवलं, वरून नवा सनमायका मारला. खूष झालो.

दोन वर्षांनी त्याच कपाटावर २ फुटी टँक ठेवला. कपाट मजबूत दिसत होतं, हाताला टणक लागत होतं. पण आत थर सुटले होते, एका कोपऱ्यात. रात्री अडीचला टक्क असा आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. उठून बघतो तर तळाच्या काचेत कोपऱ्यातून तिरकी चीर, आणि साठ लिटर पाणी फरशीवरून देवघराकडे निघालेलं. बायको म्हणाली, याला पूर घरात आणायची हौसच आहे.

तेव्हा पुरात भिजलेल्या फर्निचरवर टँक नको. दिसायला कितीही चांगलं असू दे.

अजिंक्यतारा (दुपारी १:०५)

गणपतीपेठ यांचं उदाहरण नेमकं आहे. काच वजनानं फुटली नाही, पिळानं फुटली. चारही कोपरे सारखे ४ मि.मी. दबले असते तर बहुतेक काही झालं नसतं. तीन कोपरे जागेवर आणि एक खाली गेला की तळाची काच पिळली जाते, आणि काचेला पीळ सोसत नाही.

कंदीपेढा (दुपारी २:४०)

शोकेस वगैरे कशाला, स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर ठेवा. दगड आहे, वाकणार नाही.

रंधा_मिरज (दुपारी ३:००)

वाकणार नाही, बरोबर. सरळ तुटेल. फळी निदान आधी झोळ तरी दाखवते, कडप्पा न सांगता जातो. खाली दर दीड फुटाला विटांची भिंत असलेला ओटा असेल तर गोष्ट वेगळी. भिंतीत खोचून पुढे काढलेल्या कडप्प्यावर फक्त डबे.

कुपवाडकर_फॅब (संध्याकाळी ६:४५)

भावा, लोखंडी स्टँड कर आणि मोकळा हो. आमच्याकडं एमआयडीसीत हेच करतो, टँकचे महिन्याला एखाद-दुसरे येत्यातच. ३ फुटीला दीड इंची चौरस पाइप, १६ गेज बास. उगं दोन इंची अँगलचा रणगाडा करायची गरज नाय.

नीट ऐक आता. वरच्या चौकटीला मधे एक आडवी पट्टी पाहिजे. पाठीमागं तिरकी पट्टी पाहिजे, ती लोक काढाय लावत्यात, दिसाय वाईट दिसती म्हणून. ती काढली की स्टँड वजन पेलतो पण कडंला ढकलला की झुलतो. वेल्डिंगच्या तापानं चौकट ओढती, म्हणून आधी सगळीकडं नुसते टाके मारून घ्यायचे, टेपनं दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले की मग पक्कं वेल्डिंग. तुमच्यासमोर मोजाय लावा. कोण टाळाटाळ करत असंल तर दुसरीकडं जावा.

पायाखाली नुसता पाइप उघडा ठेवू नका. चार पाय म्हणजे एकेका पायावर पन्नास किलोच्या आसपास, आणि पाइपाची कड म्हणजे सुरी. फरशी पोकळ वाजत असंल तर चिरती. तीन इंची पट्टीचे तळवे जोडून घ्या. पाइपाची उघडी तोंडं बंद करून घ्या, नायतर पाणी आत जाऊन आतनं गंजतोय. रेडऑक्साइड दोन हात, मग ऑइलपेंट. वर १८ मि.मी. प्लाय, सातशे दहावाला, म्हणजे आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. शिक्का बघून घ्या, दुकानात सगळंच मरीन असतंय.

हळदबाजार (रात्री ९:३०)

दादा, मनापासून आभार. उंची किती ठेवू? पोरगी चौथीत आहे.

कुपवाडकर_फॅब (रात्री ९:३५)

२८ इंच. पोरीला उभ्यानं दिसंल. त्यापेक्षा उंच केला की डोक्याला जड होतोय.

कोयनाकाठ (शनिवार, सकाळी ६:१०)

पाटणचा आहे, वय पंचाहत्तर. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट मी अंगणात काढली आहे, त्यामुळे उंच, अरुंद, डोक्यावर जड अशा कुठल्याही वस्तूवर माझा विश्वास नाही. लहान धक्के आमच्याकडे अजूनही बसतात. मांडणीवरची भांडी वाजली की आम्ही चहा पुढे पितो.

नातवाचा टँक आहे घरी. धक्का बसतो तेव्हा टँकातलं पाणी धक्का थांबल्यावरही लांबीच्या दिशेनं हेलकावत राहतं, आणि दर हेलकाव्याला वजन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं. म्हणून दोन गोष्टी केल्या आहेत. पाणी काठापासून दोन इंच खाली. आणि स्टँडला (टँकला नव्हे) मागून दोन एल-क्लॅम्प लावून भिंतीत पक्कं केलं आहे. सांगलीकरांनीही करावं. भूकंप नाही आला तरी घरात मुलं असतात, ती स्टँडच्या खालच्या पट्टीवर पाय देऊन मासे बघायला चढतात.

आजोळ_सातारा (सकाळी ९:००)

धागा पळवते थोडा, माफ करा. आमचा शनिवार पेठेत जुना वाडा आहे. माडीला लाकडी तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या. भाच्याला माडीवर टँक ठेवायचाय. माडीवरून कुणी चाललं की तांब्यातलं पाणी हलतं. ठेवू द्यावा का?

अजिंक्यतारा (सकाळी १०:२०)

ताई, माझं मत विचाराल तर खाली, जोत्यावर. भक्कम दगडी जोतं असताना माडीवर चढवायचं कशाला?

भाचा ऐकत नसेल तर टँक लहान ठेवा, दीड-दोन फुटी. तोही कड्यांना आडवा, म्हणजे एका कडीवर सगळा भार न येता तीन-चार कड्यांत वाटला जाईल. कड्यांना समांतर ठेवला तर एकच कडी बिचारी मरते. आणि जिथे कड्यांची टोकं भिंतीत शिरतात त्या बाजूला. ती टोकं आधी स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. जुन्या वाड्यात लाकूड मधे शिसवासारखं टणक असतं आणि भिंतीत शिरलेलं टोक ओलीनं, वाळवीनं पोकळ झालेलं असतं. टोच आत गेली तर टँकचा विषय तिथंच बंद.

आजोळ_सातारा (सकाळी १०:३२)

टोचून बघितलं. दुसऱ्या कडीत अर्धा इंच आत गेला. भाच्याला खाली बोलावून दाखवलं. आता टँकपेक्षा मोठी काळजी लागली, पण कळलं ते बरं झालं.

गप्पीमासा (दुपारी १२:१५)

थर्मोकोलचं कुणी बोललं नाही अजून. टँक आणि प्लायच्या मधे १०-१२ मि.मी. ची शीट पाहिजेच पाहिजे.

कंदीपेढा (दुपारी १२:४०)

माझ्या टँकला दुकानदारानं नको म्हणून सांगितलं होतं. तळाला चारी बाजूंनी प्लास्टिकची चौकट आहे.

गप्पीमासा (दुपारी १:१०)

दोघंही बरोबर. ज्या टँकची तळाची काच थेट फळीवर टेकते त्याच्याखाली मऊ काहीतरी हवं, कारण खडीचा एक दाणा किंवा रंगाचा ओघळ खाली राहिला तरी सगळा दाब त्या एका ठिपक्यावर येतो. थर्मोकोल तो दाणा गिळतं. चौकटवाल्या टँकची काच फळीला टेकतच नाही, ती चौकटीत लटकती असते आणि भार कडांवरून जातो. तिथे खालून थर्मोकोल घातलं तर ते मधे काचेला वर ढकलू शकतं. म्हणून नको.

पण थर्मोकोल घातलं म्हणजे वाकडा स्टँड सरळ झाला असं समजू नका. ते एखाददुसरा मिलिमीटर सांभाळतं. पाच मिलिमीटरचा झोळ त्याच्यानं झाकला जातो फक्त.

अजिंक्यतारा (दुपारी १:४५)

आणि पाचर मारायची ती स्टँडच्या पायाखाली. टँकखाली कधीच नाही. हे मोठ्या अक्षरात वाचा.

हळदबाजार (पुढचा गुरुवार, रात्री १०:२०)

स्टँड आला. दुसऱ्या मजल्यावर चढवताना जिन्यात वळणावर अडकला, मालकांनी येऊन हात लावला. कशासाठी आहे ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. (नंतर सांगितलं. त्यांना मासे आवडतात निघालं.)

त्यांच्या हॉलचं छत बघून बीमवरची भिंत धरली. पाचर मारायच्या आधी स्टँड जमिनीवर डुगडुगत होता, मला वाटलं वेल्डिंग वाकडं. मग स्टँड अर्धा फूट सरकवला तर डुगडुगणं थांबलं. म्हणजे फरशीच वरखाली. मूळ जागी आणून डाव्या पुढच्या पायाखाली ३ मि.मी. अॅल्युमिनियमची पट्टी सरकवली. स्पिरिट लेव्हल लांबीत ठेवली, रुंदीत ठेवली, दोन्ही कर्णांवर ठेवली. मग प्लाय, थर्मोकोल, आणि चौघांनी मिळून रिकामा टँक. खडी काढून ठेवली होती. अजिबात पाणी नसतानाही पाठ धरली.

आधी पावच भरला. काठापासून पाण्यापर्यंत चारी कोपऱ्यांत पट्टीनं मोजलं, मागे १ मि.मी. कमी. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तेवढंच होतं, मग निम्मा, मग पूर्ण. क्लॅम्प भिंतीला लावलेत, कोयनाकाठ आजोबा.

गप्पीमासा (रात्री १०:४०)

झकास. आता फिल्टरची वायर बोर्डाकडे सरळ नेऊ नका. आधी सॉकेटच्या खाली उतरू द्या, मग वर घ्या. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या खालच्या वळणावरून जमिनीवर पडतं, प्लगमधे जात नाही. एक्स्टेंशन बोर्ड टँकच्या खाली जमिनीवर तर मुळीच नको. आणि घरात ईएलसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

हळदबाजार (रात्री १०:५०)

एक्स्टेंशन खालीच होता. उचलला.

रंधा_मिरज (रात्री ११:००)

शोकेसचं काय झालं?

हळदबाजार (रात्री ११:२५)

रिकामं आहे. आठवडा झाला भार काढून. दोऱ्याला फरक ३ मि.मी. वर येऊन थांबलाय, त्याच्यावर सरळ व्हायला तयार नाही.

सासरे काल आले होते. टँक बघितला, स्टँडला धक्का देऊन बघितला, मग शोकेसपाशी जाऊन दार उघडून लावून बघितलं. दार अजून घासतंय. बायको आतून म्हणाली, बघा, मी म्हटलं नव्हतं, पावसामुळंच.